जागा पसंत पडेपर्यंत

रविवार, १८ जानेवारी

ही डायरी आमच्या लॅबला मेण पुरवणाऱ्या कंपनीची. दरवर्षी येते आणि दरवर्षी मी तिच्यावर दातांचे ओले साचे वाळत ठेवते. आज घरी आणली. का आणली माहीत नाही. बोलायला कुणी नाही असंही नाही, घरात माणसं आहेतच.

आम्ही वेगळं व्हायचं ठरवलंय. लिहून बघितलं. अक्षर नेहमीसारखंच आलं.

विषय मीच काढला, गेल्या महिन्यात, खाली पार्किंगमध्ये गाडीत बसून. आमचं घर म्हणजे दोन खोल्या आणि हॉल. हॉलमध्ये सासूबाई, एका खोलीत बारकी आणि भिंती अशा की शेजारच्यांनी कूस बदलली तरी इकडे कळतं. त्यामुळे नवराबायकोचं जे काही बोलायचं ते गाडीत. मी म्हटलं, "असं राहण्यापेक्षा वेगळं राहू या का?" हा स्टिअरिंगवर हात ठेवून बसला होता. गाडी बंदच होती. म्हणाला, "ठीक आहे." तेवढ्यात वॉचमनने काचेवर टकटक केली, गाडी रेषेच्या बाहेर आलीय म्हणून. ह्याने उतरून बघितलं, खरंच वीतभर बाहेर होती. परत लावली. मग आम्ही वर गेलो आणि जेवलो.

भांडण वगैरे काही नाही. भांडणं संपली त्यालाही आता बराच काळ लोटला. दात काढायच्या आधी इंजेक्शन देतात, मग गाल जागेवर असतो पण आपला वाटत नाही, तसं माझं झालंय. हा वाईट माणूस नाही. मीही नसावी.

आता पुढचं ठरवायचंय. बारकी कुणाकडे राहणार, घर कुणी सोडायचं, सासूबाईंना कुणी सांगायचं. बारकी बारा वर्षांची आहे. खरा प्रश्न तिचाच, बाकी सगळं सामान.

ते सलग बोलायला जागाच मिळत नाही. एकदा बाहेर जेवायला गेलो तर ह्याच्या ऑफिसातला एकजण भेटला आणि खुर्ची ओढून आमच्यातच बसला. एकदा बागेत गेलो तर तिथे नणंद, पायात पळायचे बूट. शेवटी आज पहाटे खोलीतच, कुजबुजत ठरलं. वीस फेब्रुवारीला शुक्रवारची सुट्टी आहे, जोडून शनिवार-रविवार. बारकीला आजीजवळ ठेवायचं आणि जिथे चिटपाखरू नसेल अशा ठिकाणी तंबू घेऊन जायचं. हॉटेल नको. हॉटेलात लोक गाणी म्हणतात.

दोघांपैकी कुणीही आजवर तंबूत झोपलेलं नाही.

बुधवार, २१ जानेवारी

जेवणाच्या सुट्टीत फोनवर जागा शोधल्या. ‘कुणालाच माहीत नसलेल्या दहा शांत जागा’ असं एक पान सापडलं. ते दोन लाख लोकांनी वाचलं होतं.

रात्री जेवताना घरी सांगितलं. सासूबाईंचा घास तोंडाशी थांबला.

"तंबूत? दोघंच?"

"हो."

"आणि निजायचं जमिनीवर?"

"हो."

"बरं," म्हणाल्या आणि घास खाल्ला.

आम्ही हात धुतो न धुतो तोच नणंदेचा फोन. आमच्या घरात बातमीला पाय नसतात, चाकं असतात. "आम्ही पण येतो गं! ह्यांना पण सुट्टी आहे. पत्ते मी आणते." म्हटलं, "ताई, आम्ही दोघंच जाणार आहोत." तिकडे एकदम सामसूम. मग हसू. "अच्छा, अच्छा. लग्नाला चौदा वर्षं झाली आणि आता पालवी फुटतेय होय? जा बाई जा, मी कशाला मधे लुडबुडू."

मी फोन ठेवला. हा पाण्याच्या बाटल्या भरत होता. त्याचे कान लाल झाले होते. बहुतेक फोनचा आवाज मोठा होता.

रविवार, २५ जानेवारी

पहिली जागा बघून आलो. आधी बघायची असं ह्याचं म्हणणं. हा लिफ्ट तपासतो. इमारतीत जायचं, लिफ्टच्या टपावर चढायचं, दोर, ब्रेक, दरवाजे बघायचे आणि काही चुकीचं दिसलं की ‘बंद’ची पाटी लावून यायचं. न बघता कशावर भरवसा ठेवणं ह्याच्या रक्तात नाही. टूथब्रशसुद्धा विकत घेताना वाकवून बघतो.

जागा म्हणजे डोंगरामागचा एक तलाव. गाडी ठेवून तासभर चालायचं. अर्ध्या वाटेवर गाण्याचा आवाज यायला लागला. वर पोचलो तर काठाने तंबूच तंबू, गणती नाही. एकजण शेगडी मांडून चहा विकत होता. म्हणाला, "शांत जागा पाहिजे ना? तिकडे त्या दगडाच्या पलीकडे टाका. तिकडे फक्त एक कॉलेजचा ग्रुप आहे."

ह्याने सगळीकडे नजर फिरवली आणि मान हलवली. मी म्हटलं, हे तर मलाही कळतंय.

आल्यासरशी चहा घेतला. मी साखर कमी सांगायच्या आधी ह्याने सांगितली. परतताना एक वळण धड दिसत नव्हतं, मी खाली उतरून हात दाखवला, ह्याने गाडी काढली. काही बोलावं लागलं नाही. दिवस बरा गेला म्हणायचा. पाय दुखतायत.

गुरुवार, २९ जानेवारी

तंबू भाड्याने देणाऱ्या दुकानात गेलो. दुकानदार बोलघेवडा. "दोघांचा ना? हा बघा, एकदम ऊबदार, आजच धुऊन आलाय."

मी म्हटलं, "दोन हवेत."

"दोन माणसं?"

"दोन तंबू."

त्याने एकदा माझ्याकडे, एकदा ह्याच्याकडे बघितलं. हा म्हणाला, "मी घोरतो."

हा घोरत नाही. कधीच नाही. उलट झोपेत इतका गप्प असतो की लग्नानंतरचे काही दिवस मी नाकाशी बोट धरून बघायचे. पण बरं झालं, प्रश्न मिटला.

मग हा दुकानातच दोन्ही तंबू उभे करून बसला. प्रत्येक शिवण बोटाने चाचपली, चेन वरखाली केली, खुंट्या मोजल्या. एकाची चेन अडकते म्हणून परत केला, दुसऱ्याच्या तळाला टाचणीएवढं भोक निघालं. दुकानदाराचा चेहरा हळूहळू पडत गेला. शेवटी म्हणाला, "साहेब, ह्यापेक्षा चांगला आत्ता नाही. पुढच्या आठवड्यात या." हा म्हणाला, "हो, येतो. घाई नाही."

घाई कशी नाही? पण दुकानात काय बोलायचं. तसेच परत आलो.

रविवार, १ फेब्रुवारी

आजची जागा चांगली होती. टेकडीच्या पाठीमागचं पठार, गवत वाळून पिवळं झालेलं, एका बाजूला झाडी. वाटेत फक्त एक म्हातारा भेटला, तोही उलट्या दिशेने जाणारा. मला तिथे बसावंसं वाटलं. पुष्कळ दिवसांनी काही ‘वाटलं’ म्हणून नोंद.

ह्याने खिशातून पाणसळ काढली. काचेच्या नळीत बुडबुडा असतो तीच, जमीन सपाट आहे का बघायची. नवरे खिशात रुमाल ठेवतात, आमचा पाणसळ ठेवतो. गवतावर इकडेतिकडे ठेवून बघितली. बुडबुडा मधे येईना.

"उतार आहे," म्हणाला.

"किती?"

"आहे."

"आपल्याला लिफ्ट बसवायची नाहीये, बोलायचंय."

"झोपताना डोकं खाली जाईल."

"मग पाय तिकडे करू."

ह्याने पाणसळ पुसून खिशात ठेवली. आम्ही आणलेली पोळीभाजी खाल्ली आणि उतरायला लागलो. उतरताना हा माझ्या पुढे चालत होता आणि सुटे दगड बुटाने बाजूला सारत होता. ती ह्याची सवयच आहे.

मी चिडायला हवं होतं. जागा नापास करायला ह्याला काय लागतं, रोजचाच धंदा. पण चिडण्यासाठी अंगात काहीतरी शिल्लक असावं लागतं.

बुधवार, ४ फेब्रुवारी

लॅबमधून आले तर बारकी माझ्या पलंगावर पालथी पडून अभ्यास करत होती. एरवी स्वतःच्या खोलीत दार लावून बसते.

"मी पण येऊ का तुमच्याबरोबर?"

"नको. तू कंटाळशील. तिथे नेट नाही."

"मग तुम्ही तिथे काय करणार?"

"चालणार. बसणार."

तिने पेनाचं टोपण दातात धरलं. मी म्हटलं, चावू नको, दात झिजतात, मला रोज दिसतात झिजलेले. टोपण काढलं.

"आल्यावर सांगाल ना पण?"

"काय?"

"जे असेल ते."

मला काही समजलं नाही. विचारणार होते, पण सासूबाईंनी हॉलमधून हाक मारली, रिमोट सापडत नव्हता. त्यांच्याच उशीखाली होता. परत आले तेव्हा बारकी तिच्या खोलीत गेली होती आणि दार लावलेलं होतं. सहल वगैरे विचारत असेल. हल्ली ती फार शांत असते. ताई म्हणते, "पोरगी समजूतदार झाली गं तुझी." झाली असेल.

रविवार, ८ फेब्रुवारी

आज एका दिवसात दोन जागा, कारण दिवस संपत आलेत.

पहिली ओढ्याकाठची. जमीन ताटासारखी सपाट, पाणसळीचा बुडबुडा मधे येऊन गुपचूप बसला. मी मनात म्हटलं, सुटलो. हा फोन वर करून फिरायला लागला. "रेंज नाही इथे. बारकीला काही झालं तर? आईला चक्कर आली तर?" बरोबर आहे. माझ्यातली आईही अशा वेळी ऐकते. निघालो.

दुसरी जागा अजून वर, दोन खडकांच्या आडोशाला. सपाट. माणूस नाही. फोनला रेंज पूर्ण. हा म्हणाला, "रेंज आहे इथे. ऑफिसचा फोन येईल. कुठेतरी कुणीतरी अडकलं की मलाच लावतात."

मी तिथेच खाली बसले.

"तुला नक्की काय हवंय?"

"जागा नीट हवी."

"जगात नीट जागा नसते. सुट्टी वीसला आहे. आज आठ."

"मग पुढच्या सुट्टीत जाऊ. ही गेली म्हणून काय."

"आणि तोपर्यंत?"

हा खडकाकडे बघत होता. मग बोटाने दाखवलं. "मुंग्या आहेत," म्हणाला.

होत्या. चार-पाच असतील. आपल्या वाटेने चालल्या होत्या बिचाऱ्या.

उतरताना ह्याची पँट काटेरी झुडपात अडकली. हा मागे हात नेऊन ओढायला लागला तशी ती जास्तच गुंतली. मी गुडघ्यावर बसून एकेक काटा सोडवला. हा अगदी स्थिर उभा राहिला, बारकी लहानपणी केस विंचरताना उभी राहायची तसा. काटे निघाले तरी हलला नाही. मी म्हटलं, "झालं. चल." तेव्हा हलला.

ह्याच्या पोटरीला माझा हात लागला होता. काही वाटलं नाही. पण नकोसंही वाटलं नाही, एवढं खरं.

मंगळवार, १० फेब्रुवारी

लॅबमध्ये एक कॅप परत आली. पुढच्या दाताची, मीच केलेली. माप बरोबर, रंग बरोबर, शेडची पट्टी लावून दोनदा बघितला होता. पण पेशंटबाई डॉक्टरांना म्हणाल्या, हा माझा दात वाटत नाही. आमचे साहेब वैतागले, म्हणाले, "वाटत नाही म्हणजे काय? दात आहे की जावई?" मी परत घेतली. त्यांचा जुना फोटो मागवला. त्यात त्या दाताला खाली एक बारीकसा टवका होता. तसा टवका मी कॅपला पाडला. साहेबांना सांगितलं नाही. मुद्दाम बिघडवली म्हणून ओरडले असते.

संध्याकाळी भाजी निवडताना सासूबाईंनी विचारलं, "मिळाली का जागा?"

"नाही अजून. ह्यांना एकही पसंत पडत नाही."

"पडायची नाही." आणि हसल्या. मग शेंगा सोलता सोलता म्हणाल्या, "ह्याचे वडीलही असेच. कुणाला स्टेशनवर सोडायला जायचं असलं ना, की ह्यांची चप्पल सापडायची नाही. सगळं घर धुंडाळायचे. ती पायातच असायची."

सासूबाईंच्या गोष्टींना कधीकधी शेंडा ना बुडखा. मी विचारलं, "म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. तू ती शेंग टाकून दे, किडकी आहे."

रविवार, १५ फेब्रुवारी

आज एकटी गेले. काल रात्रीच सांगितलं, उद्या मी बघून येते, तू घरी थांब. सकाळी हा जिन्यापर्यंत आला. टायरमध्ये हवा आहे का, पाणी घेतलंस का, डोंगरावर ऊन असेल, टोपी घेतलीस का. टोपी घेऊन आले. मग म्हणाला, आज वारा आहे, पुढच्या रविवारी जा. मी म्हटलं, पुढच्या रविवारी आपण तिथून परत येत असू. मग जिन्यातून बाजूला झाला.

जंगलाच्या नाक्यावर एक वनरक्षक बाई होत्या. रजिस्टरवर सही करताना विचारलं, जिथे कुणी येत नाही अशी जागा आहे का? त्यांनी पेन खाली ठेवला. "एकट्याच राहणार?" म्हटलं, नाही, नवरा आहे. "मग ठीक आहे," म्हणाल्या आणि नीट वाट सांगितली. बंद पडलेल्या वीटभट्टीच्या मागून पायवाट आहे. सुरुवात इतकी कळकट दिसते की लोक तिथूनच मागे फिरतात.

मी फिरले नाही. भट्टी मागे पडली, झाडी दाट झाली आणि मग एकदम मोकळी जागा आली, आमच्या हॉलपेक्षा थोडी मोठी. कडेला झरा. काल रात्री मी ह्याच्या बॅगेतून पाणसळ काढून घेतली होती. चार कोपऱ्यांत ठेवून बघितली. बुडबुडा मधे. फोनला एक रेघ रेंज, म्हणजे आपण लावला तर लागेल आणि ऑफिसचा बहुतेक लागणार नाही. मुंग्यासुद्धा बघितल्या. नव्हत्या.

तिथे झाडाला टेकून बसले आणि डोळा लागला. जाग आली तेव्हा ऊन सरकलं होतं. स्वप्न वगैरे काही नाही.

घरी येऊन सांगितलं, "सापडली." हा जेवणाची ताटं मांडत होता. "पाणसळ कुठेय माझी?" एवढंच म्हणाला. मग माझ्या फोनवरचे फोटो बघत बसला, मोठे करून करून.

"हे झाड वाळलेलं आहे का?"

"नाही. हात लावून बघितलं."

"बरं."

"मग?"

"ठीक आहे," म्हणाला. त्या दिवशी गाडीत म्हणाला होता तसंच. ताटं मांडून झाल्यावर लक्षात आलं, पाच मांडली होती. आम्ही चारच आहोत.

शुक्रवार, २० फेब्रुवारी

दुपारी पोचलो. सगळं फोटोतल्यासारखंच आहे. चिटपाखरू नाही असं म्हणता येणार नाही, पाखरं आहेत. माणूस नाही.

निघताना सासूबाईंनी ह्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि माझ्याही. ताईने फोन करून कोपरखळ्या मारून घेतल्या. बारकी मात्र खाली आली नाही. गॅलरीतून हात केला. म्हणाली, "सावकाश या."

मी परवा जाऊन आणलेले तंबू लावले, दोन. एक तिकडच्या कडेला, एक इकडच्या. मग हा जागा तपासायला लागला. मी दगडावर बसून हे लिहितेय आणि तो फिरतोय. झऱ्यापाशी जाऊन पाणी हातात घेतलं. झाडांचे बुंधे दाबून बघितले. फांद्यांकडे मान वर करून बघितलं. जमीन पायाने ठोकली. दोन चकरा झाल्या, तिसरी चालू आहे.

आत्ता आला. समोर उभा राहिला, हात झटकले.

"काही नाही," म्हणाला.

"म्हणजे?"

"जागा नीट आहे."

चेहरा कसातरीच झालाय. मी विचारलं, ताप आहे का? म्हणाला, नाही. मी म्हटलं, मग बस, बोलू या. म्हणाला, आधी चहा करतो. चहा झाला. मग म्हणाला, लाकडं गोळा करतो, अंधार पडायच्या आत. म्हटलं, बरं, उद्या सकाळी बोलू. लगेच म्हणाला, "हो, उद्या." आणि लाकडं आणायला गेला तो जवळजवळ पळतच.

शनिवार, २१ फेब्रुवारी

बोलणं झालं. ज्यासाठी महिनाभर डोंगर पालथे घातले ते चहाचा कप निवायच्या आत संपलं.

मी म्हटलं, बारकी माझ्याकडे. म्हणाला, हो. म्हटलं, शनिवार-रविवार तुझ्याकडे. म्हणाला, तिला यायचं असेल तर. घराचं काय? तुम्ही राहा, मी आईला घेऊन दुसरीकडे जातो. आईंना कोण सांगणार? मी सांगतो.

मी ज्याच्यासाठी कंबर कसून आले होते तो वाद आलाच नाही. समोर भिंत असेल म्हणून ढकलायला जावं आणि दार उघडंच निघावं, तसं. मी म्हटलं, "तुला काहीच म्हणायचं नाही?"

हा कपाच्या तळाकडे बघत होता.

"म्हणत होतोच की."

"कधी?"

"दर रविवारी."

मला आधी कळलंच नाही. मग पठार आठवलं, रेंज आठवली, मुंग्या आठवल्या. चार-पाच मुंग्या. त्या दुकानातली तंबूची अडकणारी चेनही आठवली.

"तोंडाने का नाही बोललास?"

"तू वेगळं राहू या का म्हणालीस. मी नको म्हटलं असतं तर तू राहिली असतीस. आत्ता राहतेयस तशी." कप खाली ठेवला. "पाटी लावायची वेळ आली की कळतं मला. रोजचं कामच आहे. पण ही लावायला हात होईना."

हे ऐकून मला काहीतरी वाटायला हवं होतं. मी वाट बघितली. खरंच बघितली, इंजेक्शन उतरतंय का म्हणून जिभेने गाल चाचपतात तशी. काही नाही. मी त्याला तसंच सांगितलं. म्हटलं, "मला वाईटसुद्धा वाटत नाहीये. मी काय करू?"

"माहितीये मला," म्हणाला. रागाने नाही.

मग आम्ही दिवसभर जंगलात हिंडलो. इतकी एकांत जागा, हवं तेवढं ओरडता आलं असतं, रडता आलं असतं. दोघांपैकी कुणीच काही केलं नाही. संध्याकाळी त्याने खिचडी केली, चांगली झाली होती. ठरलंय ते ठरलंय. उद्या घरी जाऊन बारकीला सांगायचं.

रविवार, २२ फेब्रुवारी

आज अक्षर वाईट आलंय.

दुपारी घरी आलो. सासूबाई टीव्ही बघत होत्या, आवाज बारीक केला पण काही विचारलं नाही. मी थेट बारकीच्या खोलीत गेले. म्हटलं आधी एकटीच बोलते.

पलंगावर दोन बॅगा होत्या. शाळेची सहलीची एक आणि ह्याची ऑफिसची जुनी एक. दोन्ही भरलेल्या, वरून चेन उघडी. एकीत कपडे, दुसरीतही कपडे. एकीत रंगपेटी, दुसरीत भूमितीची पेटी. दोन टूथब्रश. एक जुना, एक नवीन, पाकिटातला. मोज्यांच्या जोड्यासुद्धा निम्म्यानिम्म्या केल्या होत्या.

बारकी खुर्चीत बसून वहीला कव्हर घालत होती.

"हे काय आहे?"

"दोन्हीकडे थोडं थोडं लागेल ना," म्हणाली. "रोज उचलून न्यायला नको." कात्रीने चिकटपट्टी कापली. "फक्त पुस्तकांचं काही जमेना. शाळा कुणाकडून जवळ पडेल? तिकडे पुस्तकं ठेवते."

"तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. भिंत आहे ना, कुजबुजलात तरी ऐकू येतं." वहीचा कोपरा नखाने दाबून बसवला. "मला चालेल. तुम्ही माझी काळजी नका करू."

सगळं एका सुरात. वर नाही, खाली नाही. भूगोलाचा धडा वाचावा तसं. मी तो आवाज ओळखते. लॅबमध्ये मी तसंच बोलते, ताईच्या फोनवर तसंच, काल सकाळी जंगलात तसंच बोलले. बाराव्या वर्षी तो हिच्या तोंडात आलाय. मला वाटत होतं, माझं जे काही बधिर झालंय ते माझं मला. आणि ही पोर महिनाभर दाराआड मोजे वाटत बसली होती, आणि बाहेर आम्ही सगळे म्हणत होतो, समजूतदार झाली.

मी तिला जवळ घ्यायला वाकले आणि माझ्या घशातून कसलातरी आवाज निघाला. तो मलाच ओळखता आला नाही. मग थांबेना. मी खाली बसले, पलंगाच्या कडेला डोकं टेकून, आणि ओरडून रडले. लहान मूल रडतं तसं, नाक गळत, श्वास अडकत. वरच्या मजल्यावर कुणाचीतरी खुर्ची सरकली. शेजारच्या घरातलं बोलणं थांबलं. हॉलमधला टीव्ही बंद झाला.

बारकी घाबरली. खुर्चीतून उतरून माझ्याजवळ आली आणि माझ्या तोंडावर हात ठेवला. "आई, हळू ना. सगळ्यांना ऐकू जातंय."

मी तिचा हात बाजूला केला. "जाऊ दे," म्हटलं. "तुला चालत नाहीये. मला माहितीये. चालत नाही असं म्हण."

तिची हनुवटी हलायला लागली, ती आवरायचा तिने फार प्रयत्न केला. मग म्हणाली, "नाही चालत," आणि माझ्या मांडीत शिरली. एवढी लांबलचक पोरगी, पाय बाहेर राहिले.

हा दारात उभा होता. पाठीवरची सॅक अजून काढलेली नव्हती. मागे सासूबाई. त्याने पलंगावरच्या बॅगा बघितल्या, एक बघितली, मग दुसरी. मग सासूबाईंच्या देखत, उघड्या दारात, शेजारीपाजारी ऐकत असताना म्हणाला, "मला जायचं नाहीये."

मी अजून काही ठरवलेलं नाही. त्याला तसं सांगितलं, रडतरडतच. म्हटलं, मला वेळ लागेल, आणि काय होईल ते मला माहीत नाही. तो म्हणाला, बरं. सॅक काढली आणि आमच्याजवळ जमिनीवर बसला.

बारकी माझ्या मांडीवरच झोपलीय. पाय सुन्न झालेत, पण उठवत नाही. बाहेर हॉलमध्ये सासूबाई कुणालातरी फोनवर सांगतायत, "नाही गं, काही नाही झालं. रडतायत. रडू देत."